विरघळणारा साक्षीदार

गेल्या माघातील एका सोमवारची गोष्ट. पालखी देवळाभोवती फिरून आली होती, आरती व मंत्रपुष्प आटोपले होते, आणि तीर्थप्रसाद घेऊन आम्ही चारपाच मंडळी अग्रशाळेच्या ओसरीवर विसावलो होतो. त्यांत आमचे एक वयोवृद्ध महाजन होते. आदल्याच महिन्यात त्यांच्यावर अंतर्गळाची शस्त्रक्रिया झाली होती व ती उत्तम प्रकारे पार पडली होती. आतील टाके काढावे लागणार नाहीत, ते आपोआप विरघळतील, असे डॉक्टरांनी त्यांस सांगितले होते. ही गोष्ट त्यांच्या मनातून काही केल्या जाईना. बोलता बोलता ते माझ्याकडे वळून म्हणाले, “वकीलबाब, तो दोरो आंगांत विरगळटा म्हणटात. पूण वता खंय?”

मंडळी हसली. मी मात्र हसू शकलो नाही. एखादी वस्तू नाहीशी झाली असे कोणी सांगितले की ती केव्हा गेली, कोठे गेली आणि जाताना कोणी पाहिली, हे तीन प्रश्न विचारणे हाच आम्हां वकिलांचा धंदा. वृद्ध महाजनांनी त्यांपैकी दुसरा प्रश्न विचारला होता. उरलेले दोन मी मनातल्या मनात त्यास जोडले, आणि पुढे काही महिने सवडीनुसार या विषयाचे वाचन केले. त्या वाचनातून जो इतिहास हाती आला तो येथे मांडीत आहे. त्याचे सार एका वाक्यात सांगता येईल: नाहीसे होणे म्हणजे निरुपद्रवी होणे नव्हे.

विरणारे शल्य आणि न विरणारे शल्य

हा प्रश्न आपल्याकडे नवीन नाही. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात शल्याचा, म्हणजे देहात शिरलेल्या व देहास पीडा देणाऱ्या परक्या वस्तूचा, विस्ताराने विचार केला आहे. तेथे आचार्यांनी शल्यांचे दोन वर्ग केले आहेत. सोने, रुपे, तांबे, कथील, शिसे इत्यादींचे शल्य फार काळ शरीरात राहिले तर पित्ताच्या तेजाने विरते आणि शरीराच्या धातूंशी एकरूप होते. परंतु शिंग, दात, केस, हाड, वेळू, लाकूड, दगड आणि माती यांचे शल्य विरत नाही, असे त्यांचे मत आहे. सोने शरीरात विरत नाही हे आज आपणांस ठाऊक आहे. तेव्हा यादीचा तपशील काळाच्या कसोटीस उतरला नाही. परंतु विभागणी उतरली. परकी वस्तू देहात ठेवावयाची असेल तर ती विरणारी की न विरणारी, हा प्रश्न प्रथम विचारला पाहिजे, हे त्या यादीमागील सूत्र आजच्या प्रयोगशाळेतही अबाधित आहे.

त्याच ग्रंथाच्या चिकित्सास्थानात फाटलेले आतडे जोडण्याचा एक उपाय सांगितला आहे. आतड्याच्या छिद्राच्या कडा एकत्र आणून त्यांस मोठ्या काळ्या मुंग्यांकडून दंश करवावा, दंश घट्ट बसला की मुंग्यांची शरीरे तोडून टाकावीत, मस्तके तशीच राहू द्यावीत आणि आतडे पोटात पूर्ववत् ठेवावे. मुंगीचे कवच कायटिन नावाच्या द्रव्याचे असते. कापूस, रेशीम, तांत, रबर, नायलॉन यांच्याप्रमाणेच तेही एक बहुवारिक होय. रसायनशास्त्रज्ञ ज्यास पॉलिमर म्हणतात ते हेच. एकाच घाटाचे सूक्ष्म कण माळेतील मण्यांप्रमाणे एकामागून एक गुंफले गेले म्हणजे बहुवारिक तयार होते. माळ अखंड आहे तोवर तिला बळ असते. ठिकठिकाणी दोरा तुटू लागला की बळ प्रथम जाते आणि मणी मागाहून विखुरतात. हा क्रम वाचकांनी ध्यानात ठेवावा, कारण पुढील सर्व इतिहास त्यात साठविलेला आहे.

तांतीचा दोरा

युरोपात हा विचार उशिरा रुजला. रक्तवाहिनी बांधण्यासाठी रेशमाचा किंवा तागाचा दोरा वापरीत आणि त्याची शेपटे जखमेबाहेर लोंबत ठेवीत. पू होऊन तो दोरा सुटून येईपर्यंत रोग्यास वाट पाहावी लागे. १८१६ साली फिलाडेल्फिया येथील फिलिप सिंग फिझिक या शस्त्रवैद्याने कमावलेल्या कातड्याच्या बारीक वाद्या दोऱ्याऐवजी वापरून पाहिल्या. कातडे ओलाव्याने मऊ पडते व शरीरात विरते, एवढेच त्याचे साधे निरीक्षण होते. पण जंतूंचे ज्ञान अद्याप झालेले नसल्याने विरणे आणि कुजणे यांतील भेद कोणास सांगता येत नव्हता.

तो भेद जोसेफ लिस्टरने दाखविला. १८६७ साली त्याने कार्बोलिक आम्लाच्या साहाय्याने जखम निर्जंतुक ठेवण्याची पद्धती प्रसिद्ध केली होती. पुढल्या वर्षी डिसेंबरात त्याने एका वासराच्या मानेतील धमनी कार्बोलिकात भिजविलेल्या तांतीने बांधली. महिन्याभराने तो भाग उघडून पाहिला तेव्हा तांतीच्या जागी जिवंत ऊतीचा पट्टा तयार झालेला आढळला. पू नाही, दुर्गंधी नाही, दोरा बाहेर येण्याची वाट पाहणे नाही. १८६९ साली हा शोध प्रसिद्ध झाला आणि मेंढ्याच्या आतड्याची तांत, जी आपल्याकडे पिंजाऱ्याच्या धनुकलीस ठाऊक होती, जगभरच्या शस्त्रवैद्यांच्या हाती गेली.

परंतु लिस्टरचे मोठेपण या शोधापेक्षाही त्यापुढील बारा वर्षांत आहे, असे मला वाटते. तांत विरते खरी, पण केव्हा? कधी ती जखम भरून येण्यापूर्वीच सुटे, आणि बांधलेल्या रक्तवाहिनीची गाठ अवेळी सुटणे म्हणजे काय हे सांगावयास नको. लिस्टर या प्रश्नामागे लागून राहिला, आणि १८८१ साली क्रोमिक आम्लाने संस्कारिलेली तांत त्याने पुढे आणली. ही तांत अधिक दिवस टिकत असे. विरघळणाऱ्या वस्तूची सुरक्षितता ती विरघळते की नाही यावर अवलंबून नसून ती कोणत्या घटकेस विरघळते यावर अवलंबून आहे, हा सिद्धांत तेव्हाच स्थापित झाला होता. पुढील शतकात तो अनेकदा विसरला गेला आणि अनेकदा पुन्हा शिकावा लागला.

तांतीस आणखी एक दोष होता. ती प्राण्याच्या आतड्याची असल्यामुळे नीट शुद्ध न केल्यास धनुर्वातासारख्या रोगांचे बीज बरोबर घेऊन येई. म्हणून कायद्यास येथे लवकर लक्ष घालावे लागले. आपल्याकडे १९४० चा औषधविषयक अधिनियम झाला आणि १९४५ च्या नियमांत, लसी व रक्तद्रव यांच्या शेजारी, अनुसूची ‘सी’ मध्ये, शस्त्रक्रियेचा निर्जंतुक दोरा येऊन बसला. ज्या घरांत कांदालसूणही वर्ज्य, त्या घरांतील माणसांच्या देहांतही हा दोरा त्यांच्या नकळत कित्येक वर्षे वावरला असेल. पुढे गुरांच्या मेंदूरोगाच्या भीतीने चालू शतकाच्या आरंभी युरोपात व जपानात तांत मागे पडली. तोपर्यंत तिची जागा घेणारा कृत्रिम दोरा मात्र तयार झाला होता.

दोषाचा गुण झाला

या कृत्रिम दोऱ्याची कुळकथा मोठी गमतीची आहे. नायलॉनचा जनक वॉलेस कॅरोथर्स याने १९३२ च्या सुमारास ड्यूपाँ कंपनीच्या प्रयोगशाळेत दुग्धाम्लापासून, म्हणजे दही आंबट करणाऱ्या आम्लापासून, एक बहुवारिक बनविले. त्याच कंपनीतील नॉर्टन हिगिन्स याने १९५४ साली ग्लायकोलिक आम्लाच्या बहुवारिकाचे एकस्व मिळविले. दोन्ही द्रव्ये व्यापारास निरुपयोगी ठरली. ओलावा लागताच ती हळूहळू तुटू लागत. अशा सुताचा कपडा कोण घेणार? परंतु वस्त्रासाठी जो दोष तोच देहासाठी गुण आहे, हे साठाव्या दशकात काही जणांच्या ध्यानात आले. १९७० च्या सुमारास ग्लायकोलिक आम्लाचा ‘डेक्सॉन’ हा दोरा बाजारात आला आणि १९७४ साली ‘व्हिक्रिल’ आला. पाण्याच्या कणांनी माळ तुटते, सुटलेले मणी शरीरातील नित्य व्यापारात शिरतात, आणि शेवटी त्यांचा कर्बवायू व पाणी होऊन श्वासावाटे व मूत्रावाटे ते बाहेर पडतात. आमच्या वृद्ध महाजनांच्या प्रश्नाचे पहिले उत्तर हे असे आहे.

याच सुमारास, १९६६ च्या नोव्हेंबरात, अमेरिकेतील ‘आर्काइव्ह्ज ऑफ सर्जरी’ या नियतकालिकात बहुदुग्धाम्लाचा शस्त्रक्रियेसाठी उपयोग सांगणारा एक निबंध प्रसिद्ध झाला. या विषयातील तो मूळ निबंधांपैकी एक गणला जातो. त्याच्या कर्त्यांत पहिले नाव आर. के. कुलकर्णी असे आहे. आडनावावरून गाव ठरविण्याचा मोह आपल्या मंडळींस अनावर होतो. तो येथे आवरलेला बरा. हे संशोधन अमेरिकन सैन्याच्या प्रयोगशाळेत झाले होते. १९७१ साली कुलकर्णी व त्यांच्या सहकाऱ्यांनी कुत्र्यांच्या मोडलेल्या जबड्यास बहुदुग्धाम्लाच्या पट्ट्या बसवून पाहिल्याचे प्रसिद्ध केले. पोलादी पट्टी पुढे दुसरी शस्त्रक्रिया करून काढावी लागते. ही आपण होऊन नाहीशी होईल, अशी आशा त्यातून उभी राहिली.

दोऱ्यापासून पट्टीकडे जाणारी ही वाट सरळ वाटते, पण तसे नव्हते. दोरा केसासारखा बारीक, पट्टी त्याच्या अनेकपट जाड. बारीक दोऱ्याचे विरलेले द्रव्य रक्त सहज वाहून नेते. जाड पट्टीच्या पोटात तयार झालेले आम्ल मात्र बाहेर पडावयास वाट न मिळून आतच साठते आणि उरलेल्या माळा अधिक वेगाने तोडते. त्यामुळे अशी वस्तू बाहेरून शाबूत दिसते आणि आतून पोखरली जाते. फ्रान्समधील मिशेल व्हेर व त्यांच्या सहकाऱ्यांनी हे पुढे प्रयोगांनी सिद्ध केले. एका प्रमाणात निरुपद्रवी ठरलेले द्रव्य दुसऱ्या प्रमाणात, दुसऱ्या आकारात आणि दुसऱ्या जागी निरुपद्रवी ठरेलच असे नाही. हा धडा प्रयोगशाळेत शिकला गेला असता तर स्वस्तात पडला असता. प्रत्यक्षात तो रोग्यांच्या अंगावर शिकावा लागला.

उशिरा आलेली सूज

फिनलंडमधील हेलसिंकी येथे मोडलेली हाडे जोडण्यासाठी विरघळणाऱ्या खिळ्यांचा वापर मोठ्या प्रमाणावर झाला. १९९० साली तेथील ओले बोस्टमन व सहकाऱ्यांनी आपला हिशेब प्रांजळपणे जगापुढे ठेवला. ५१६ रोग्यांपैकी ४१ जणांस, म्हणजे शेकडा सुमारे आठ जणांस, काही आठवड्यांनी शस्त्रक्रियेच्या जागी लालसर, दुखरी सूज आली व खिळ्याचे विरलेले अवशेष पुवासारख्या द्रवातून बाहेर पडले. तपासणीत त्यात जंतू नव्हते. ही जखम चिघळलेली नव्हती. विरघळणारी वस्तू ज्या वेगाने विरत होती त्या वेगाने शरीरास तिचा निचरा करता येत नव्हता, एवढाच त्याचा अर्थ.

नेदरलंड्समधील ग्रोनिंगेनची हकीकत याहून बोधप्रद आहे. तेथे गालाचे हाड मोडलेल्या दहा रोग्यांस बहुदुग्धाम्लाच्या पट्ट्या व स्क्रू बसविले होते. हाडे उत्तम सांधली, आणि १९८७ साली यशाचा निबंध प्रसिद्ध झाला. शस्त्रक्रियेस तीन वर्षे झाल्यावर त्यांतील चौघे जण त्याच जागी सूज घेऊन परत आले. डॉक्टरांनी उरलेल्यांसही बोलावून तपासले. काहींच्या गाठी काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या, तेव्हा पट्टीच्या न विरलेल्या स्फटिकांचे कण आणि त्यांस घेरून बसलेल्या पेशी दिसल्या. माळेतील सैल भाग आधी विरला होता, घट्ट विणीचा स्फटिकरूप भाग मागे राहिला होता. पुढील पाहणीत पाच वर्षांहून अधिक काळ लोटल्यावरही ते द्रव्य पूर्णपणे गेलेले नव्हते.

पहिला निबंध खोटा होता काय? मुळीच नाही. त्यातील प्रत्येक वाक्य त्या दिवशी खरे होते. न्यायालयात आम्ही नेहमी पाहतो की साक्षीदार सत्य बोलतो, पण त्याने घटना अर्ध्यावरच पाहिलेली असते. ग्रोनिंगेनच्या डॉक्टरांचा थोरपणा यात आहे, की त्यांनी आपलीच साक्ष पुन्हा तपासली आणि दुसरी साक्ष, जी त्यांच्या यशास बाधक होती, तीही १९९३ साली तितक्याच स्पष्टपणे छापली.

हृदयातील पाड

आता या इतिहासातील सर्वांत गाजलेल्या प्रकरणाकडे वळू. हृदयाची अरुंद झालेली धमनी फुगवून ती उघडी राहावी म्हणून आत जाळीदार नळी बसवितात. तिला स्टेंट म्हणतात, आणि हा शब्द आता आपल्या घराघरांत पोहोचला आहे. ही नळी धातूची असते व जन्मभर आत राहते. धमनी सावरण्यास काही महिने पुरतात. मग जन्मभराची बेडी कशाला, असा विचार साहजिकच होता. घर बांधून झाल्यावर गवंडी पाड काढून नेतो, तशी ही नळी काम संपल्यावर नाहीशी व्हावी. जपानमधील हिदेओ तामाई यांनी १९९८ साली बहुदुग्धाम्लाची अशी नळी माणसाच्या हृदयधमनीत प्रथम बसविली. २००६ पासून अमेरिकेतील ॲबट कंपनीच्या ‘ॲब्सॉर्ब’ या नळीच्या मानवी चाचण्या सुरू झाल्या, २०११ साली तिला युरोपात विक्रीची मान्यता मिळाली, आणि लवकरच ती भारतातही आली. सुमारे तीन वर्षांत ती विरून जावी अशी योजना होती.

अमेरिकेत २,००८ रोग्यांवर तिची धातूच्या स्टेंटशी तुलना झाली. एका वर्षाअखेर दोहोंच्या अपयशाचे प्रमाण शेकडा ७.८ आणि ६.१ होते. हे अंतर आधी ठरविलेल्या मर्यादेत असल्याने नवी नळी ‘कमी प्रतीची नाही’ असा निष्कर्ष निघाला, आणि ५ जुलै २०१६ रोजी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने तिला मान्यता दिली. त्यानंतर नऊ महिन्यांच्या आत, मार्च २०१७ मध्ये, त्याच प्रशासनास डॉक्टरांना इशारा देणारे पत्र काढावे लागले. दोन वर्षांचे आकडे आले होते: शेकडा ११ विरुद्ध ७.९. त्याच महिन्यात नेदरलंड्समधील १,८४५ रोग्यांच्या चाचणीचा वृत्तांत नियोजित मुदतीपूर्वीच प्रसिद्ध करण्यात आला. नळीत रक्ताची गुठळी होण्याचे प्रमाण दोन वर्षांत नव्या नळीत शेकडा ३.५ आणि धातूच्या स्टेंटमध्ये ०.९ होते. हृदयाच्या धमनीत गुठळी होणे म्हणजे पुष्कळदा झटका, प्रसंगी मृत्यू. सप्टेंबर २०१७ मध्ये कंपनीने ही नळी जगभरच्या बाजारातून मागे घेतली.

कारणे एकाहून अधिक होती. बहुवारिक हे पोलादाइतके बळकट नाही. म्हणून नळीची तार सुमारे १५० मायक्रॉन जाड करावी लागली, धातूच्या तारेच्या जवळजवळ दुप्पट. जाड तारेमुळे रक्ताच्या प्रवाहात अडथळा उत्पन्न होतो. शिवाय तार धमनीच्या भिंतीत नीट रुतून बसली नसेल, तर नळी विरू लागताना तिचे बळ जाऊन तिचे सुटे भाग धमनीच्या पोकळीत कोसळतात. माळेचे बळ आधी जाते आणि मणी मागाहून विखुरतात, असे जे आरंभी म्हटले त्याचा भयंकर अर्थ येथे प्रकट होतो. नळी पूर्ण गेल्यावर हा अधिकचा धोका उरत नव्हता. तो ती आत असतानाच्या व जात असतानाच्या काळात होता. पाच वर्षांच्या पाहणीने हेच दाखविले, की अधिकचा धोका पहिल्या तीन वर्षांपुरता होता व पुढे तो उरला नाही. गवंड्याने पाड नीट उतरविली तर घरास काही होत नाही. ती आपोआप खाली येऊ लागली म्हणजे खालून जाणाऱ्याच्या डोक्यावर येते.

येथे दोन गोष्टी न्यायबुद्धीने सांगितल्या पाहिजेत. पहिली ही, की धोका उघडकीस आला तो योगायोगाने नव्हे. मान्यता दिल्यावरही रोग्यांवर पाच वर्षे लक्ष ठेवण्याची पद्धत होती, म्हणून तो उघडकीस आला. दुसरी ही, की कल्पना मेली नाही. तार पातळ करून तयार केलेल्या अशाच नळीस, गुडघ्याखालील धमन्यांसाठी, एप्रिल २०२४ मध्ये त्याच प्रशासनाने मान्यता दिली आहे. आणि विरघळणारे टाके तर अर्ध्या शतकाहून अधिक काळ कोट्यवधी देहांत निमूटपणे आपले काम करून जात आहेत. तेव्हा हा लेख वाचून कोणी टाक्यांस भिऊ नये.

कायद्याचे घड्याळ

मग वकिलाने काळजी करावी असे यात काय आहे? काळजीची गोष्ट ही, की वस्तूचे घड्याळ आणि कायद्याचे घड्याळ एका वेगाने चालत नाही.

आपल्याकडे हृदयातील स्टेंट, हाडांतील रोपणे इत्यादी दहा प्रकारची साधने २००५ साली औषधाच्या व्याख्येत घेण्यात आली. अशा साधनांच्या दुष्परिणामांची नोंद करण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम ६ जुलै २०१५ पासून सुरू झाला. वैद्यकीय साधनांचे स्वतंत्र नियम २०१७ साली झाले व १ जानेवारी २०१८ पासून अमलात आले. त्या नियमांत साधनांचे धोक्याच्या चढत्या क्रमाने चार वर्ग आहेत, आणि जे रोपण शरीरात पूर्णतः किंवा बहुतांशी शोषले जाते त्यास सर्वांत वरच्या, ‘डी’ वर्गात स्थान आहे. सामान्य माणूस समजतो की जी वस्तू राहते ती धोक्याची व जी जाते ती सुरक्षित. आपल्या नियमकर्त्यांनी याच्या उलट मानले आहे, आणि वर सांगितलेला इतिहास पाहता त्यांचेच मानणे योग्य आहे.

तथापि नियम साधन बाजारात येईपर्यंत पहारा देतो. देहात गेल्यावर काही बिघडले तर दाद मागावयाची ती ग्राहक आयोगापुढे, आणि तेथे वादकारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे. सबळ कारण असल्यास विलंब माफ होतो, पण तो मागावा लागतो. ग्रोनिंगेनच्या रोग्यांची सूज तीन वर्षांनी आली. मग वादकारण घडले केव्हा? पट्टी बसविली त्या दिवशी, की सूज दिसली त्या दिवशी?

या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१० मध्ये एका प्रकरणात मौलिक विवेचन केले आहे. १९९३ साली झालेल्या शस्त्रक्रियेत एका रुग्णेच्या पोटात कापडी पट्टी राहून गेली होती; ती २००२ साली दुसऱ्या शस्त्रक्रियेत सापडली, आणि तक्रार २००४ साली दाखल झाली. न्यायालयाने तत्त्व असे सांगितले, की इजा उघड असेल तर मुदत त्या कृत्याच्या दिवसापासून धावते. पण ती गुप्त असेल तर रोग्यास कळल्यापासून, किंवा वाजवी दक्षता घेतली असती तर ज्या दिवशी कळू शकले असते त्या दिवसापासून, धावते. तत्त्व उदार आहे. परंतु त्याच निकालात तक्रार मुदतबाह्य ठरली, कारण नऊ वर्षे दुखत असताना रुग्णेने शोध घ्यावयास हवा होता, असे न्यायालयास वाटले. ‘वाजवी दक्षता’ या दोन शब्दांत केवढे ओझे भरलेले आहे, ते यावरून दिसेल.

आणि त्या प्रकरणात निदान कापडाची पट्टी सापडली होती. ती न्यायालयास दाखविता आली. ती मूक असली तरी साक्षीदार होती. विरघळणाऱ्या वस्तूचे काय? ती इजा करून निघून जाते. ती किती जाड होती, कोणत्या द्रव्याची, कोणत्या खेपेची, हे सांगावयास देहात काही उरत नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण अधिनियमाने सदोष वस्तूच्या उत्पादकास जबाबदार धरण्याचे स्वतंत्र प्रकरण घातले आहे, हे खरे. पण वस्तू सदोष होती हे सिद्ध करण्याचा भार तक्रारदाराच्याच खांद्यावर असतो, आणि त्याचा मुख्य साक्षीदार विरघळून गेलेला असतो.

मागे एक गृहस्थ माझ्याकडे असेच आले होते. काही वर्षांपूर्वी बसविलेल्या साधनाच्या जागी त्यांस त्रास होत होता. मी विचारले, साधन कोणते? ते म्हणाले, विरघळणारे. मी विचारले, कागद? घर बदलताना गेले. रुग्णालयाकडे विचारणा केली, तर इतक्या जुन्या नोंदी ठेवण्याचे बंधन नाही असे उत्तर आले. दोष कोणाचा होता, मुळात होता की नव्हता, हे आजही मला सांगता येणार नाही. आणि खरी तक्रार तीच आहे. साधन विरघळले, कागद हरवला, आणि सत्य या दोहोंच्या मध्ये कोठेतरी नाहीसे झाले.

युरोपीय संघाच्या २०१७ च्या आणि २०२१ पासून लागू झालेल्या नियमांत रोपणाबरोबर रोग्यास एक ओळखपत्र देणे बंधनकारक आहे. त्यावर साधनाचे नाव, खेप, उत्पादक यांची नोंद असते. परंतु टाके, स्क्रू, पट्ट्या अशा नित्याच्या वस्तूंस त्यातूनही वगळले आहे. माझ्या मते जे साधन विरघळणारे आहे त्याच्या बाबतीत तरी ही सवलत उलटी असावयास हवी. जी वस्तू आपली साक्ष आपण देऊ शकत नाही, तिची साक्ष कागदाने दिली पाहिजे. आणि ती वस्तू विरण्यास जितका काळ लागतो त्याच्या दुपटीने तरी तो कागद जपला पाहिजे. आपल्याकडे असा स्पष्ट दंडक व्हावा, अशी मागणी करण्यास कोणत्याही पक्षाचे असावे लागत नाही.

तो होईपर्यंत काय करावे? आपल्या देवस्थानांत एक जुनी रीत आहे. उत्सवासाठी देवाचे दागिने भांडारातून बाहेर निघतात तेव्हा एकेका नगाची वहीत नोंद होते, वजन लिहिले जाते, दोन महाजन सह्या करतात, आणि परत ठेवताना पुन्हा तीच वही उघडते. हा अविश्वास नव्हे. देवाच्या वस्तूविषयीचा तो आदर आहे. देहासही आपल्या संतांनी देवाचे मंदिर मानले आहे. मग त्या मंदिरात जे ठेवले जाते त्याची नोंद का नसावी? साधनाच्या वेष्टणावरील चिठ्ठी मागून घ्यावी, शस्त्रक्रियेचा कागद घरातील खरेदीखताशेजारी ठेवावा, आणि पुढे काही वर्षांनी त्याच जागी दुखले तर ‘ते तर विरघळले’ असे समजून स्वस्थ न बसता तो कागद घेऊन डॉक्टरांकडे जावे. ‘वाजवी दक्षता’ म्हणतात ती हीच.

त्या महाजनांस मी हे सारे थोडक्यात सांगितले. दोरा श्वासावाटे व पाण्यावाटे निघून जाईल, त्याविषयी चिंता करू नये, असेही सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. पुढच्या सोमवारी ते पालखीस आले तेव्हा त्यांच्या हातात एक जुना लिफाफा होता. त्यात रुग्णालयाचा कागद होता, आणि त्याच्या मागल्या बाजूस त्यांनी स्वतःच्या थरथरत्या अक्षरात शस्त्रक्रियेची तारीख, डॉक्टरांचे नाव आणि दोऱ्याचे नाव लिहून काढले होते.